कांद्याच्या पापुद्र्यात पेशी दिसतच नाहीत, नुसते काळे गोल दिसतायत. काय चुकतंय?

मिरजकर_आई

नमस्कार. आम्ही मिरजेत असतो, मुलगी नववीत आहे आणि सध्या तिचा ऊतींचा धडा चालू आहे. शाळेत मायक्रोस्कोप आहे पण तो कपाटात असतो, मुलांना एकदा रांगेनं दाखवला आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट मिळालं, म्हणून मी ओळखीच्या एकांकडून जुना साधा मायक्रोस्कोप घेतला. म्हणजे एकच भिंग, मध्ये काचेची पट्टी, खाली फिरणारा आरसा आणि बाजूला वरखाली करायचा स्क्रू. दोन भिंगं आहेत, एकावर १०क्ष आणि एकावर २०क्ष लिहिलंय, म्हणजे दहा पट आणि वीस पट.

रविवारी आम्ही कांदा घेतला, वरची साल काढली, पाण्याचा थेंब टाकून काचेवर ठेवली आणि वर ती पातळ काच ठेवली. पोरीला लगेच गोल गोल दिसले, एकदम रेखीव, जाड काळ्या कडेचे. ती एवढी खूश झाली की तिनं वहीत पानभर तेच काढले आणि खाली पेशी असं लिहिलं. मग पुस्तक उघडलं तर तिथं कांद्याच्या पेशी विटांसारख्या लांबट. तिनं काही न बोलता खोडरबर घेतला आणि पुस्तकातलं चित्र बघून काढायला लागली. मला ते बघून फार वाईट वाटलं, कारण तिनं स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी बघितलं होतं ना.

नंतर तुळशीची काडी विळीवर कापून बघितली तर नुसता काळा गोळा.

तर ते गोल नक्की काय होते? खोड एवढं पातळ कापायचं कसं? आणि रंग देतात तो इथं कुठं मिळेल? या भिंगातून पेशी खरंच दिसतात का तेही सांगा, का मोठाच मायक्रोस्कोप लागतो?

कराडचा_लॅबवाला

ताई, पहिल्यांदा मुलीला सांगा ते पान फाडू नकोस. तिनं काढलंय ते बरोबरच काढलंय, फक्त ती पेशी नाही, हवेचा बुडबुडा आहे. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काम केलं आणि दरवर्षी जूनमध्ये नवीन मुलं आली की निम्म्या जर्नलात हेच गोल यायचे. ओळखायची खूण अशी की बुडबुडा परकारानं काढल्यासारखा गोल असतो, कड जाड काळी असते आणि आत काहीच नसतं. वरच्या काचेला सुईनं हळूच टिचकी मारली की तो सरकतो नाहीतर फुटतो. पेशी कुठं जात नाही, ती शेजारणींना चिकटलेली असते.

बुडबुडा येतो तो कव्हरस्लिप, म्हणजे ती वरची पातळ काच, सपाट टाकल्यामुळं. तिची एक कड आधी थेंबाला टेकवायची, दुसरी कड सुईवर तिरकी धरायची आणि सुई हळूहळू काढून घ्यायची, म्हणजे पाणी पुढं सरकत जातंय आणि हवा बाहेर पडते.

दुसरं म्हणजे तुम्ही साल कुठली घेतली? वरची कोरडी लालसर साल घेतली असेल तर ती नको. कांद्याचे चार भाग करा, आतला एक जाड रसाळ थर सुटा करा. त्याची आतली खोलगट बाजू वर धरून थर मागं वाकवला की तो मोडतोय आणि मोडलेल्या जागी पारदर्शक पापुद्रा लोंबतो, ओल्या प्लास्टिकच्या कागदासारखा. तो चिमट्यानं हळू ओढायचा. तो एका पेशीच्या जाडीचा असतो म्हणून त्यातनं उजेड आरपार जातो, आपल्याला पाहिजे ते हेच. ओढला की लगेच पाण्यात टाका नाहीतर गुंडाळी होते आणि मग दोन थर एकावर एक बसून सगळं गिचमिड दिसतं. नखाएवढा तुकडा पुरे.

आता भिंग. साध्या मायक्रोस्कोपला डोळा अगदी भिंगाला टेकेल इतका जवळ न्यावा लागतो, लांबनं बघितलं तर मधला एवढासाच भाग दिसतो. चष्मा असला तरी काढून बघा, स्क्रूनं जुळतं. आणि हे लक्षात ठेवा, आरसा खिडकीच्या उजेडाकडं करायचा, सूर्याकडं कधीच नाही. भिंगातनं ऊन सरळ डोळ्यात गेलं तर डोळा जातोय. ढगाळ दिवशी पांढऱ्या आभाळाचा उजेड सगळ्यात छान.

२०क्ष वर पेशी दिसतात का, तर दिसतात. कांद्याची पेशी साधारण पाव ते चार दशांश मिलीमीटर लांब असते, वनस्पतींच्या पेशींत ती मोठीच म्हणायची. विटांची भिंत स्पष्ट दिसेल. रंग नीट बसला तर आत केंद्रकाचा बारका ठिपकाही दिसेल, पण त्याच्या आतलं काही दिसणार नाही, त्याला ४०० पट लागतंय.

एक भिंग म्हणून त्याला कमी समजू नका. लेव्हेनहुक या शास्त्रज्ञानं जे काही बघितलं ते एकाच बारक्या भिंगातनं, आणि रॉबर्ट ब्राऊननं १८३१ साली ऑर्किडच्या पेशीत केंद्रक दाखवून दिलं तेही साध्याच, एका भिंगाच्या मायक्रोस्कोपनं. त्यांची भिंगं तुमच्यापेक्षा कितीतरी ताकदीची होती हे खरं, पण पद्धत तीच. आणि रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप बघून त्याला सेल हे नाव दिलं, तेव्हा त्यानं तरी काय काढलं, रिकामे कप्पे. बूच मेलेलं असतं, आत काही उरलेलं नसतं, नुसत्या भिंती. त्याला जे दिसलं ते त्यानं काढलं. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

रंगाचं आणि कापायचं रात्री लिहितो, आता बाजारात जायचंय.

तासगाव_बागायतदार

मी शिक्षक नाही, द्राक्षवाला आहे पण मायक्रोस्कोप माझ्याकडं आठ वर्षं झाली आहे म्हणून लिहितोय. सर म्हणतात ते सगळं बरोबर आहे, मी पण पहिले दोन महिने बुडबुडेच बघत होतो आणि बागेत काय रोग आलाय म्हणून घाबरत होतो.

पोरीला पानाची खालची बाजू दाखवा, पर्णरंध्रं म्हणजे पानावरची बारकी छिद्रं. कापायची गरजच नाही. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगाचं नेलपॉलिश बोटभर जागेत लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, त्यावर पारदर्शक सेलोटेप दाबून चिकटवायची आणि उचलायची, त्या पॉलिशवर पानाच्या कातडीचा ठसा येतोय. ती टेप तशीच काचेवर चिकटवा. २०क्ष मध्ये रंध्रं बारक्या ठिपक्यांसारखी दिसतील, १०० पटीच्या वर गेलं की दोन रक्षक पेशी ओठांसारख्या दिसतात. पण द्राक्षाचं पान पहिल्यांदा घेऊ नका, काही जातींना खालनं लव असते, ठसा नीट येत नाही. ती खालनं जांभळी पानं असलेली र्‍हिओ असते ना, शाळांच्या आणि ऑफिसांच्या कुंड्यांत लावतात, ती घ्या. तिच्या खालच्या बाजूची कातडी तर नुसती ओढली तरी निघते, जांभळ्या पेशी आणि मध्ये मध्ये हिरवी रंध्रं, रंग द्यायलाच नको.

आता हे मी का बघायला लागलो ते सांगतो, कारण मला वाटतं शेतकऱ्याच्या प्रत्येक पोराला हे कळायला पाहिजे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी येतो, म्हणजे केवडा रोग. पानावर वरनं तेलकट पिवळा डाग आणि सकाळी पान उलटं केलं की खाली पांढरी कापसासारखी वाढ. आम्ही वर्षानुवर्षं फवारणी वरनं मारायचो, औषध पानावर चकाकलं की समाधान. मी पहिल्यांदा ती पांढरी वाढ मायक्रोस्कोपखाली बघितली तेव्हा अंगावर काटा आला, बारकी बारकी झाडं, फांद्या फुटलेली, टोकाला लिंबासारखे बीजाणूंचे गोळे, आणि ती झाडं पानाच्या रंध्रांतनंच बाहेर आलेली. द्राक्षाच्या पानाला रंध्रं असतात खालच्या बाजूला. तो रोग आत शिरतो तो पण त्याच दारानं आणि बाहेर येतो तो पण त्याच दारानं. मग औषध वर मारून काय उपयोग, तेव्हापासनं मी नोझल खालनं वर मारायला लावतो आणि पान उलटं करून ओलं झालंय का बघितल्याशिवाय गडी पुढं सरकू देत नाही.

भुरी या दुसऱ्या रोगाचं वेगळं असतं, ती पृष्ठभागावर पसरते, दोन्हीकडं, आणि तिचे बीजाणू माळेसारखे एकावर एक. साध्या भिंगातनं सुद्धा दोन्हींतला फरक कळतोय एकदा नजर बसली की.

कराडचा_लॅबवाला

तासगावकर, फार छान लिहिलंत. पुस्तकात पर्णरंध्र म्हणजे श्वासाचं छिद्र एवढंच असतं, पण रोगाचं दार म्हणून कोणी सांगत नाही.

आता राहिलेलं. रंगासाठी मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडिन चालेल, जखमेला लावतात ते तांबडं औषध. एक थेंब आयोडिन आणि चार-पाच थेंब पाणी असं पातळ करून पापुद्र्यावर दोन मिनिटं ठेवा, मग टिश्यू पेपरनं कडेनं टिपून साधं पाणी द्या. पेशीभित्तिका आणि केंद्रक पिवळट तपकिरी होतात. मिथिलीन ब्लू पाहिजे असेल तर रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात बघा, माशांच्या बुरशीवर देतात. ते अगदी फिकं निळं दिसेपर्यंत पातळ करायचं, आणि घरात सांभाळून, फरशीवर सांडलं तर डाग राहतोय.

कापायचं. विळी-सुरीनं कधीच जमणार नाही. दाढीचं नवीन ब्लेड लागतं, आणि नवीन म्हणजे नवीनच, एकदा कागद कापलेलं सुद्धा नको. मुलीच्या हातात देताना एका धारेला जाड चिकटपट्टी गुंडाळा. तुळशीची काडी पहिल्यासाठी चुकीची, ती लाकडी असते. भोपळ्याच्या वेलाचा कोवळा शेंडा घ्या नाहीतर तेरडा. गाजराचा तुकडा उभा चिरून मधल्या फटीत ती काडी धरायची म्हणजे ती दबत नाही. बरेच जण बटाटा घेतात पण त्याचे स्टार्चचे कण कापावर सांडतात आणि मुलं तेच पेशी म्हणून काढतात, म्हणून गाजरच.

गाजर, ब्लेड दोन्ही ओलं करा. करवतीसारखं पुढं-मागं घासायचं नाही. ब्लेड तिरकं टेकवून एकाच ओढीत स्वतःकडं सरकवायचं, कोपरं अंगाला चिकटवून. काप पांढऱ्या बशीतल्या पाण्यात टाकत जायचं. २०-२५ काप घ्या, त्यातला एखादा जवळजवळ न दिसण्याइतका पातळ असेल तो रंगकामाच्या बारीक ब्रशनं उचला. काप एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ आला तरी टाकू नका. पातळ कडेला हवं ते सगळं दिसतंय. पहिल्या दिवशी नाही जमलं तर नाराज होऊ नका, हे हाताचं काम आहे, आमचे सर म्हणायचे त्याप्रमाणे शंभर काप झाल्यावर हात शहाणा होतो.

भोपळ्याच्या खोडात कडेच्या कोपऱ्यांत स्थूलकोन ऊती दिसतील, पेशींच्या कोपऱ्यांना जाडी असलेली, आणि मध्ये जलवाहिन्यांची एवढी मोठी तोंडं की २०क्ष ला गाळणीसारखी वाटतील.

हरिपूरची_हळद

आपल्या सांगलीकडं कापायचंच असेल तर ऊस का नाही सांगितला कोणी? उसाची चकती आडवी कापली की साध्या डोळ्यांना सुद्धा ठिपके दिसतात, १०क्ष खाली प्रत्येक ठिपका म्हणजे वाहिन्यांचा एक जुडगा, सगळीकडं विखुरलेले आणि सालीकडं दाटी. सूर्यफुलाचं कोवळं खोड कापा, तिथं तेच जुडगे एका कड्यात मांडलेले असतात. एकदलाचं (ऊस) आणि द्विदलाचं (सूर्यफूल) खोड हा धडा पाठ करायची गरजच नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणि रस कुठं असतो हे पोरांना विचारा, सगळी म्हणतात त्या नळ्यांत. साखरेचा साठा असतो नळ्यांच्या मधल्या मऊ मूल ऊतीत, तोंडात उरतो तो चोथा म्हणजे नळ्या आणि त्यांच्याभोवतीच्या दृढ ऊती.

दुसरं हळद. हंगामात ओलं हळकुंड मिळालं तर पातळ काप बघा. पिवळा रंग सगळीकडं सारखा नसतो, काही काही पेशी गच्च पिवळ्या आणि बाकीच्यांत स्टार्च. हळद शिजवली की रंग सगळीकडं पसरतो आणि स्टार्चचे कण फुगून त्यांची खळ होते. आमच्या आजोबांच्या वेळी गावाबाहेर पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, भरलेली असायची, वाळलेलं हळकुंड मोडलं की आतनं काचेसारखं तुकतुकीत का दिसायचं ते मला चाळिशीत मायक्रोस्कोपखाली कळलं. ती खळ वाळून घट्ट झालेली असते.

मिरजकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बसलो. आतल्या थराचा पापुद्रा चौथ्या वेळी नीट निघाला. लॅबच्या सुईऐवजी शिवणाची सुई वापरली. आणि दिसल्या! आधी मुलगीच बघत होती, ती बोलेचना, मग म्हणाली आई भिंत आहे, खरंच भिंत आहे. मग मी बघितलं. मी बारावी सायन्स केलेली बाई, पण मी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

एक शंका. आयोडिन दिल्यावर पिवळं झालं पण निळं-काळं नाही झालं. पुस्तकात तर स्टार्चला आयोडिन निळं होतं असं आहे. मेडिकलचं औषध जुनं असेल का? तारीख तर पुढची आहे.

कराडचा_लॅबवाला

औषध चांगलं आहे ताई, कांद्यात स्टार्चच नसतो. कांदा अन्न साठवतो ते साखरेच्या रूपात, म्हणून तर भाजला की गोड लागतो. बटाटा खरवडून त्याचा थेंबभर रस काचेवर घ्या, आधी बिनरंगाचा बघा. तांदळाच्या कण्यांसारखे अंडाकृती कण दिसतील, मोठे कण एक दशांश मिलीमीटरपर्यंत जातात. मग तेच पातळ आयोडिन कडेनं सोडा आणि डोळा हलवू नका. निळा रंग एका बाजूनं चालत येताना दिसतोय.

कांद्याच्या पापुद्र्यात हिरवा रंगही नसतो हे मुलीच्या लक्षात आलं का विचारा. कांदा जमिनीत अंधारात वाढतो. हिरवे दाणे बघायचे तर हायड्रिला घ्या, माशांच्या टाकीतली ती हिरवी वेल. पान दोनच पेशींच्या जाडीचं असतं, कापायला नको. हरितलवकं पेशीच्या कडेकडेनं फिरताना दिसतात, पण त्याला मोठा मायक्रोस्कोप पाहिजे.

सातारा_डोंगरमाथा

थोडं उशिरा वाचलं. पेरू विसरलात सगळे! पेरू खाताना दाताखाली रवाळ लागतं ना, त्या दगडी पेशी, दृढ ऊतीतल्याच. गर काचेवर चिरडून बघा, १०क्ष वर सुद्धा गठ्ठे दिसतात. चिकूतही असतात.

अळूचा देठ पण भारी, आत हवेच्या पोकळ्या असतात, पण हातमोजे घालून कापा. घशाला जी खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळं, जुडग्यांनी असतात, मोठ्या मायक्रोस्कोपखाली काडेपेटीतल्या काड्यांसारख्या दिसतात.

आणि एक विनंती, पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कास पठारावर याल तर भिंग घेऊन या पण काही तोडू नका. सीतेची आसवं ही बारकी वनस्पती मुळाशी बारके फुगे लावून किडे धरते वगैरे वाचून लोक उपटून बघतात. वाटेवर उभं राहून फूल भिंगातनं बघा, फुलातच इतकं आहे. ते पठार २०१२ पासनं जागतिक वारशात आहे, पण तसं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

मिरजकर_आई

दादा, नक्की, काही तोडणार नाही.

आजचं सांगते. बटाट्याचं निळं होताना बघितलं, तिघींनी, शेजारची पण आली होती. मग मुलीला वाटलं पेशी किती मोठी ते मोजावं. तिनं पारदर्शक पट्टी भिंगाखाली ठेवली, एक मिलीमीटरची जागा बघून घेतली आणि मग तेवढ्याच जागेत पेशी मोजल्या. लांबीत तीन मावल्या आणि चौथीचा थोडा भाग. म्हणजे एक पेशी सुमारे शून्य पूर्णांक तीन मिलीमीटर. सरांनी लिहिलेल्या आकड्यात बसतंय ते, आणि हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं.

वहीतलं बुडबुड्यांचं पान ठेवलंय. खोडलेलं तिनं पेन्सिलीनं परत गिरवलं, पेशी हा शब्द खोडून हवेचे बुडबुडे असं लिहिलं आणि समोरच्या पानावर खरी पेशी काढली. तिच्या चित्रात काही विटा वाकड्या आहेत, एक फाटलेली आहे, कारण तिथं पापुद्रा फाटला होता.

आता ती म्हणते नदीवरनं केंदाळ (जलपर्णी) आणू, त्याचा देठ फुगलेला का असतो ते बघायचंय. कापायला जमेल ना?

कराडचा_लॅबवाला

जमेल, गाजराचीही गरज नाही, देठ स्वतःच जाड असतो. फुगीर भागाचा आडवा काप घ्या, थोडा जाड आला तरी चालेल. आत हवेच्या मोठ्या खोल्या आणि मध्ये एकेक पेशीच्या पातळ भिंती दिसतील, त्यावरच ते तरंगतंय. नदीत मुलीला एकटीला उतरू देऊ नका, काठावरचंच घ्या, घरी आणून दोनदा धुवा. आणि ब्लेड नवीन काढा, बटाट्याला वापरलेलं नको.